कानाचं ऑपरेशन आणि अर्धी जीभ

ऑपरेशन कानाचं झालं आणि चव गेली जिभेची, तीही अर्ध्या जिभेची. गेल्या वर्षभरात हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता पुढचं ठरलेलंच आहे, माणूस आधी हसतो, मग माझा चेहरा बघतो आणि मग विचारतो, असं कसं? मीपण हेच विचारत होते, रात्री दोन वाजता, मोबाइलला, आणि मराठीत काही म्हणजे काही मिळत नव्हतं. म्हणून लिहून ठेवतेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आम्ही इंदूरचे, राजेंद्र नगरात घर आहे. मी घरून ऑर्डरी घेते, दिवाळीत चकली-चिवडा-अनारसे आणि एरवी मेतकूट, भाजणी, गोडा मसाला. डावा कान लहानपणापासूनचा दुखणाईत, पाऊस सुरू झाला की वाहायला लागायचा, थेंब घातले की थांबायचा, असं करत करत चाळिशी ओलांडली. पुढे पुढे फोन नेहमी उजव्याच कानाला लावायला लागले. पडद्याला मोठं भोक आहे, ऑपरेशन करावं लागेल हे २०२३ च्या पावसाळ्यातच कळलं होतं, पण आरोग्य विम्याची पॉलिसी घेतलेली नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि त्यात कानाच्या आजारांना २४ महिन्यांचं वेटिंग, तोवर पैसे मिळत नाहीत. फॉर्म भरताना कान वाहतो हे मी खरं खरं लिहिलं होतं, एजंट म्हणत होता लिहू नका, मी लिहिलं. ते पुढे कामाला आलं. तर वाट बघितली, २०२४ ची दिवाळी ऑर्डरींसकट पार पाडली, आणि १८ नोव्हेंबरला सोमवारी ओपीडीत जाऊन बसले.

फी ५००, कानाची ऑडिओमेट्री ६००. ऑडिओमेट्री म्हणजे एका छोट्या बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीकशी पीं ऐकू आली की बटण दाबायचं. मला शेवटी शेवटी न वाजलेले आवाजही ऐकू यायला लागले होते. मग कानाच्या हाडाचा सीटी ३,५००, रक्त, ईसीजी, भूल देणाऱ्या डॉक्टरांची तपासणी, ते सगळं मिळून आणखी साधारण ३,००० गेले. ही बिलं आणि प्रिस्क्रिप्शन फेकू नका, ऑपरेशनच्या आधीच्या ठराविक दिवसांचा खर्च बऱ्याच पॉलिसीत नंतर परत मिळतो, मला मिळाला.

कॅशलेसची फाइल गेल्यावर कंपनीकडून क्वेरी आली, त्रास नेमका कधीपासून? इथे लोक घाबरून काहीतरी लिहितात. मी प्रपोजल फॉर्मची कॉपी काढून त्यात लिहिलेलंच परत लिहिलं, दोन दिवसांत मंजुरी आली.

१० डिसेंबर, मंगळवार. सकाळी ७ वाजता उपाशीपोटी भरती. काउंटरवरच्या मुलाने चार पानी इंग्रजी फॉर्म पुढे केला आणि पेनने फुल्या मारून दिल्या, "मैडम, यहाँ, यहाँ और यहाँ." मी यहाँ, यहाँ और यहाँ सह्या केल्या. नंतर कळलं की तिसऱ्या पानावर, चक्कर येणे आणि कानात आवाज येणे यांच्या खाली, चवीत बदल होऊ शकतो असं स्वच्छ छापलेलं होतं. म्हणजे सांगितलं नाही असं मी म्हणूच शकत नाही. पण पाणीसुद्धा न प्यायलेल्या माणसाने सकाळी सात वाजता कॉरिडॉरमध्ये उभं राहून ते वाचावं ही अपेक्षाही जरा जास्तच आहे.

ऑपरेशन पावणेतीन तास चाललं. कानामागचं हाड साफ केलं आणि कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचा नवा पडदा लावला. शुद्धीवर आले तेव्हा डोक्याला भलंमोठं बँडेज, उलटीसारखं होत होतं, पण दुखणं वाटलं होतं त्यापेक्षा कमी. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज. बिल ७८,४०० झालं, कंपनीने ७१,२०० दिले, बाकीचे हातमोजे, कापूस आणि असल्याच गोष्टींचे आपण भरायचे. मंजुरीला साडेपाच तास लागले, मी बँडेज बांधून पलंगावर तयार बसलेली आणि हे खाली काउंटरवर उभे. मे २०२४ मध्ये आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियम केलाय की डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची, उशिरामुळे हॉस्पिटलने जास्त पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. मला हे नंतर कळलं. तुम्ही आधीच सांगून ठेवा काउंटरवर.

घरी आल्यावर आईंनी (सासूबाई) मुगाची मऊ खिचडी केली, वर तूप. पहिला घास घेतला आणि थुंकावासा वाटला. लहानपणी आम्ही भावंडं ट्रान्झिस्टरचा चौकोनी सेल जिभेला लावून बघायचो, आठवतंय? अगदी तसं, लोखंडी, झिणझिण्या आणणारं, आणि फक्त डावीकडे. मला वाटलं भांड्याचा दोष. आईंनी भांडं बदललं. मग नर्सला फोन केला तर ती म्हणाली अँटिबायोटिकमुळे तोंड असं होतं, आणि ते खरंही आहे, काही गोळ्यांनी तोंडाला धातूची चव येते. गोळ्या ७ दिवसांच्या होत्या. ७ दिवस संपले, आठवा संपला, पंधरावा संपला.

टाके काढायला गेले तेव्हा विचारलं. बाहेर तीसेक पेशंट बसलेले. "होतं असं, जाईल," एवढंच उत्तर मिळालं. आता मागे वळून बघता उत्तर चुकीचं नव्हतं, पण तेवढं वाक्य घेऊन घरी आलेल्या बाईचं काय होतं ते सांगते. ती इंटरनेटवर शोधते. आणि चव गेली म्हटल्यावर तिथे पहिल्या पाच मिनिटांत माणूस मेंदूच्या गाठीपर्यंत पोचतो. मी चार-पाच रात्री झोपले नाही. यांना सांगितलंही नाही, कारण ऑपरेशनवर एवढा खर्च झालेला, त्यात हे काय नवीन. दिवसा स्वयंपाक करताना मीठ बघायची आणि ठरवता यायचं नाही. एक दिवस आमटी इतकी खारट झाली की आई काही न बोलता उठून ताकात भात कालवून बसल्या. रडायला आलं ते तेव्हा.

बहिणीची मुलगी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, नाताळात आली होती. तिला सांगितलं तर तिने डोळे मोठे केले, "मावशी, ही तर आमच्या व्हायवातली (तोंडी परीक्षेतली) केस आहे गं!" मला जरा रागच आला. पण नंतर किराण्याच्या यादीच्या मागे चित्र काढून तिने जे समजावलं त्या रात्री मी पहिल्यांदा नीट झोपले.

तर गोष्ट अशी. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव नेणारी जी बारीक नस आहे ती थेट मेंदूकडे जात नाही, ती आधी कानात शिरते. खरंच. कानाच्या पडद्याच्या अगदी मागून, हातोडा आणि ऐरण ही जी इवलीशी हाडं असतात त्यांच्या मधून ती तारेसारखी ताणलेली जाते, म्हणून तिचं नाव कॉर्डा टिंपनी, पडद्याची तार. पडद्याचं ऑपरेशन करायचं तर ती समोरच येते, कधी बाजूला सारावी लागते, कधी ताणली जाते, कधी कापावीही लागते. डावी नस डाव्या अर्ध्या जिभेची, उजवी उजव्या. जिभेच्या मागच्या भागाला वेगळी नस आहे, घशाकडच्या थोड्या भागाला तिसरी. कानात हाड घासलं आणि जीभ बिघडली यात जादू काही नव्हती, वायरिंगच तसं आहे.

या तिन्ही नसा खाली ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, एकाच ठिकाणी येऊन मिळतात, तिथून निरोप मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसला, आणि तिथून इन्सुला नावाच्या भागात, जो कानशिलाच्या आत, मेंदूच्या घडीत दडलेला आहे. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी हे तिथे कळतं. (उमामी म्हणजे तो भरलेला, मांसल स्वाद, जपानच्या इकेदांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सारातून शोधला. आपल्याकडे टोमॅटो आटवला की येतो तो.) आणि हाताचं जसं उजवं-डावं उलट होतं तसं चवीचं होत नाही, ही वाट मुख्यतः त्याच बाजूने वर चढते. मी तिला म्हटलं, अगं पण शाळेत तर शिकवलं होतं गोड टोकाला, कडू मागे? ती म्हणाली ते चुकीचं आहे. हेनिग नावाच्या जर्मन माणसाने १९०१ मध्ये मोजमाप केलेलं, फरक अगदी थोडा होता, पुढे १९४२ मध्ये बोरिंग यांच्या पुस्तकात त्याचा आलेख असा आला की लोकांना वाटलं जिभेचे प्लॉट पाडलेत, आणि तोच नकाशा पाठ्यपुस्तकांत फिरत राहिला. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. मी त्या नकाशावर पाच मार्क मिळवले होते.

मग आम्ही डायनिंग टेबलावर परीक्षा घेतली, ती तुम्हीपण घरी करू शकता, खर्च शून्य. साखरेचं पाणी, मिठाचं, लिंबाचं, आणि कडूसाठी चिरायत्याचा काढा. कापसाचा इअरबड बुडवायचा, जीभ बाहेर काढून फक्त एका बाजूला टेकवायचा, आणि महत्त्वाचं म्हणजे जीभ आत न घेता कागदावर बोट दाखवून सांगायचं, आत घेतली की पाणी पसरतं आणि उत्तर चुकतं. मध्ये दरवेळी चूळ. डोळे बंद. निकाल, उजवीकडे चारही बरोबर. डावीकडे पुढे काहीच नाही, साधं पाणी. डावीकडे पार मागे सगळं व्यवस्थित.

नाकाचीही परीक्षा झाली, कारण चव गेली म्हणणाऱ्या बहुतेकांचं खरं तर नाक गेलेलं असतं. नाक चिमटीत धरून बडीशेप चावायची, नुसतं गुळचट लागतं, चिमूट सोडली की एकदम बडीशेप उमलते, कारण वास घशामागून वर जातो. माझी उमललीच. कोरोनात, २०२१ मध्ये, माझं याच्या बरोब्बर उलट झालं होतं, तेव्हा आंबा नुसता गोड लागायचा, हापूस की लंगडा काही पत्ता नाही. तेव्हाही मी चव गेली असंच म्हणत होते. एकाच शब्दात आपण किती गोष्टी कोंबतो.

हिरव्या मिरचीचा तुकडा डावीकडे ठेवला तर मात्र जीव गेला. कारण तिखट ही चवच नाही. ती जळजळ आहे, दुखणं आहे, ते नेणारी नस वेगळी आणि माझी ती शाबूत. मिरचीतलं द्रव्य पेशींवरचं जे दार उघडतं ते दार उष्णतेनेही उघडतं, १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने ते शोधलं आणि त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. आमच्या आई तिखटाला "चव" मानतात, त्यांना हे अजिबात पटलेलं नाही.

पण मला सगळ्यात हलवून गेलं ते शेवटचं. भाचीने साखरेचा बड उजव्या बाजूला टेकवला आणि हळूच टोकावरून डावीकडे नेला. आणि मला डावीकडे गोड लागलं! त्या मेलेल्या बाजूला! मी ओरडलेच, आली आली. ती हसली, म्हणाली नाही आली, मेंदू फसवतोय. चव कुठे लागते हे मेंदू बरंचसं स्पर्शावरून ठरवतो. स्पर्श सरकला की चवही त्याच्याबरोबर सरकल्यासारखी वाटते. लिंडा बार्टोशुक या अमेरिकेतल्या संशोधक, त्यांनी आणि त्यांच्या सहकारी बाईंनी १९९१ मध्ये हे दाखवलंय. म्हणूनच मला शिरा खाताना कधी अर्धं तोंड बेचव वाटलं नाही, शिरा सगळीकडे शिराच. जिथून बातमी येत नाही तिथली जागा मेंदू आजूबाजूच्या बातम्यांनी भरून काढतो. मग ती लोखंडी चव कुठली? तीही तिथलीच. नसा एकमेकींना थोडं दाबून ठेवत असतात, एक गप्प झाली की दुसऱ्यांचा आवाज चढतो, आणि दुखावलेली नस स्वतःही उगाच कुरकुरते. तोंडात लोखंड नव्हतं, डोक्यात होतं. हे ऐकून लोखंड गेलं नाही, पण भीती गेली.

जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या, वयस्कर ईएनटी (कान-नाक-घसा) सरांकडे गेले, फी ८००. ते म्हणाले आधी ऑपरेशनच्या नोट्स आणा, नसेचं काय झालं ते डिस्चार्ज कार्डवर लिहिलेलं नसतं. मग रेकॉर्ड रूम. साधा अर्ज, आधारची कॉपी, २०० रुपये, "कल आना", "साइन बाकी है", "वो भिया छुट्टी पर है." तीन चकरा आणि नऊ दिवस. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत आहे की पेशंटने मागितले तर कागद ७२ तासांत द्यायचे. तिसऱ्या चकरेला मी हे वाक्य हिंदीत, शांतपणे, दोनदा म्हटलं आणि वीस मिनिटांत कागद हातात. अर्जाच्या कॉपीवर तारखेचा शिक्का मात्र पहिल्याच दिवशी घ्या.

नोट्समध्ये होतं की नस दिसली, वाचवली, पण ताणावी लागली. सर म्हणाले, मग चांगलंय. गंमत अशी की साफ कापली गेलेल्यांपेक्षा ताणलेल्यांची तक्रार पुष्कळदा जास्त असते, कापलेली गप्प बसते, ताणलेली बोलत राहते. तीन महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त. लवकर बरं करणारं औषध नाही. झिंक वगैरे कमी असेल तरच घ्या, उगाच नको. बी-१२ तपासलं, ठीक निघालं. बाहेर पडताना मी विचारलं, उजव्या पडद्यालाही बारीक भोक आहे, त्याचं काय? ते क्षणभर थांबले. म्हणाले, डावी परत आल्याशिवाय उजव्याला हात लावू देऊ नका, दोन्ही गेल्या तर त्रास खरा तेव्हा. हे मला आधी कोणीच बोललं नव्हतं. दोन्ही कानांचा त्रास असेल तर हा प्रश्न पहिल्या ऑपरेशनच्या आधी विचारा.

मग दर रविवारी सकाळी बडची परीक्षा आणि वहीत नोंद. डिसेंबर-जानेवारीत सराफ्याला (रात्रीचा खाऊबाजार) मी नावालाच गेले. गराडूचे (एक कंद) दिवस, तळलेल्या गरम गराडूवर जिरावण मसाला आणि लिंबू, आणि मी उजवीकडेच चावून परत. फेब्रुवारीत लोखंड कमी झालं, आणि बदल्यात मीठ डावीकडे कडवट लागायला लागलं. मी घाबरले, भाची फोनवर म्हणाली चांगलं लक्षण आहे, शून्यापेक्षा चुकीचं बरं. जिभेवरच्या चवीच्या पेशी तशाही दहा-पंधरा दिवसांत नव्या होत असतात, पण नस नसेल तर त्या कळ्याच सुकतात, नस परत आली की पुन्हा फुटतात. मार्चच्या ऑडिओग्राममध्ये कान मस्त आला, ४५ डेसिबलवरून २० (आकडा जितका कमी तितकं चांगलं). रंगपंचमीची मिरवणूक, गेर, बघायला राजवाड्याला गेलो होतो, १९ तारखेला, तिथला कल्ला डाव्या कानाने ऐकून मी परत फिरले, इतका स्पष्ट.

३० मार्चला पाडवा, रविवारच. आईंनी कडुनिंबाची चटणी हातावर ठेवली, गूळ-जिरं-हिंग घातलेली. म्हटलं आजची परीक्षा हीच. डावीकडे टेकवली. कडू! तोंड वाकडं झालं आणि मी हसतेय, हे विचारतायत काय झालं, आई म्हणतायत हिला वेड लागलं. गूळ मात्र डावीकडे कळला नव्हता. तो जूनमध्ये कळला.

मधल्या काळात धंद्याचं काय केलं हे बऱ्याच जणी विचारतात. ३५० रुपयांचा वजनकाटा घेतला आणि अंदाज बंद. किलोभर भाजणीला २० ग्रॅम मीठ, संपलं. आधी अपमान वाटला, वीस वर्षांचा हात आपला, आता काट्याला विचारायचं. आणि चाखायचं काम आईंकडे, तेही जेवणाआधी. कारण पोट भरलं की त्याच पदार्थाला मेंदूच्या डोळ्यांमागच्या भागातल्या, जिथे चव-वास-मऊ-कुरकुरीत सगळं एकत्र होतं, तिथल्या पेशी थंड पडतात, हे माकडांवर बघितलेलं आहे. पंगतीत चौथी जिलबी नको होते आणि मठ्ठा मात्र चालतो, ते हेच. दहा लाडू चाखून अकराव्याची साखर ठरवणारी मी किती वर्षं चुकत होते कोण जाणे. २०२५ च्या दिवाळीत एकही तक्रार आली नाही. दोघींनी तर विचारलं, या वेळी चकलीत काय बदललंय?

आता जानेवारी २०२६. खारट आणि कडू डावीकडे जवळजवळ पूर्ण, गोड अर्धं-मुर्धं, आंबट अजून कच्चं. लोखंड महिन्यातून एखाद्या दिवशी, बहुतेक सर्दी झाली की.

परवा उजव्या कानासाठी जाऊन आले. भोक लहान आहे, कोरडं आहे, घाई नाही, अंघोळीच्या वेळी व्हॅसलीनचा कापूस घाला आणि वर्षभराने दाखवा. तरी मी काउंटरवर जाऊन म्हटलं, ऑपरेशनचा फॉर्म आत्ताच एक द्या, घरी नेऊन वाचते. तो मुलगा बघतच राहिला. "मैडम, ऐसा कोई करता नहीं." म्हटलं, भिया, एक झेरॉक्स तो दे दे. दिली. आता ती फ्रीजवर लावलीय, तिसऱ्या पानावरच्या त्या ओळीसमोर पेन्सिलने लिहिलंय, "नस दिसली तर ताणणार की कापणार, आणि ते मला आधी कोण सांगणार?"